नव्या एअर रायफलला जुनी झळाळी देताना

आधी एक सांगतो: नवी रायफल जुनी, वापरलेली दिसावी म्हणून तिचं पोलाद घासताना पॉलिश पेपर घेऊ नका. त्याचे ओरखडे समांतर पडतात आणि नक्कल लगेच कळते. चार शून्यांची (०००० नंबर) स्टील वूल घ्या, तेलात बुडवा आणि हलक्या हाताने चालवा. दहा-बारा हात मारले की पुसून उजेडात बघा. ब्लूइंगचा, म्हणजे पोलादावरच्या काळसर-निळ्या लेपाचा थर फार पातळ असतो. एकदा गेला की गेलाच.

कुठे घासायचं, हे खरं कसब. खरी झीज हाताच्या आणि कव्हरच्या घर्षणाने होते. म्हणून नळीच्या तोंडाजवळची बाहेरची कड, ट्रिगर गार्डचा तळ, कॉक करताना (रायफल झाडण्यासाठी ताणून तयार करताना) हात पडतो ती जागा, एवढंच उजळा. खाचा आणि कोपरे काळेच राहू द्या. नवशिके नेमके तेच चमकवतात! नळीच्या तोंडाची आतली कड, म्हणजे क्राउन, आणि साइट (नेम धरायची खूण) यांना हात लावू नका. क्राउन बिघडला तर नेम बिघडलाच.

व्हिनेगरने ब्लूइंग काढायचं काम झटपट होतं, पण तो सांध्यात शिरला की आतून गंज धरतो. ॲसिटोन आतली हवा अडवणारं सील खातं. तेल कॉम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे हवा दाबली जाते त्या पोकळीत गेलं तर फायर करताना पेट घेतं.

उघडं पडलेलं पोलाद नाशिकच्या पावसाळ्यात लवकर गंजतं. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला तेलाचा पातळ हात द्या. रायफल फोमच्या केसमध्ये ठेवू नका, फोम ओल धरतो. नंबर कोरलेली जागा मात्र अजिबात घासायची नाही. बंदुकीवरची ओळखखूण खोडणं १९५९ च्या शस्त्र कायद्यात गुन्हा आहे.