पाठीच्या कण्यात स्टिम्युलेटर बसवल्यावर रोजचं जगणं कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की आईंचं मणक्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं, तरी डाव्या पायातली आग थांबत नाही. आता डॉक्टरांनी स्टिम्युलेटर, म्हणजे मज्जारज्जूला हलका करंट देऊन दुखणं कमी करणारं छोटं यंत्र, सुचवलाय. तो बसवल्यावर त्यांना रोज काय सांभाळावं लागेल, आणि एवढा पैसा घालून दुखणं जाईल का, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकचीच, इंदिरानगरला राहते. वय ५४, घरी ब्लाउज शिवते. माझ्या पाठीत हे मशीन २०२१ पासून आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. दुखणं जात नाही. माझं कमी झालं, आणि जेवढं कमी झालं तेवढ्यात माझं घर आणि माझी शिलाई मशीन मला परत मिळाली. पण "जाईल" ही आशा धरून आईंना ऑपरेशनला नेऊ नका. डॉक्टरसुद्धा निम्मं दुखणं कमी झालं तरी उपचार लागू पडला असं धरतात.

माझी कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकली होती. ऑपरेशन झालं, नंतरच्या एमआरआयमध्ये नस मोकळी दिसली. तरी रात्री उजव्या मांडीच्या मागून पोटरीपर्यंत निखारा फिरवल्यासारखं व्हायचं. चादर लागली तरी कळ यायची. रिपोर्ट नॉर्मल म्हटल्यावर घरच्यांनाही कळेना की ही कण्हते कशाला. मला ते फार लागायचं. खूप दिवस दबलेली नस मोकळी केली तरी तिचं आतलं बिघडलेलं तसंच राहू शकतं, आणि एमआरआयमध्ये नसेची जागा दिसते, तिचं दुखणं दिसत नाही, हे मला खूप उशिरा कुणीतरी नीट समजावलं. आईंना कुणी "मनाचे खेळ" म्हणत असेल तर तुम्ही त्यांच्या बाजूने उभे राहा. प्रेगाबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळीने मला दिवसभर गुंगी यायची, सुईत दोरा ओवता येईना. त्यानंतर हा विषय निघाला.

मशीन म्हणजे बारीक वायर आणि एक बॅटरी. वायरीला डॉक्टर लीड म्हणतात. ती मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेर, पाठीच्या साधारण मध्यावर बसते. दुखतो पाय आणि वायर एवढी वर कशी, असं मलाही वाटलं होतं. पायाकडून येणारे निरोप मज्जारज्जूतून जिथून वर जातात, तिथेच त्यांना गाठायचं असतं. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की मज्जारज्जूत दुखण्याच्या वाटेवर एक फाटक असतं, आणि स्पर्शाचे निरोप भरपूर आले की ते दुखण्याला अडवतं. कोपर आपटलं की आपण चोळतो, ते यासाठीच. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी पहिल्यांदा माणसाच्या पाठीत असं यंत्र बसवलं. माझ्या मशीनमध्ये दुखण्याच्या जागी हलक्या मुंग्या येतात. काही नवीन मशीनमध्ये सेकंदाला १०,००० वेळा करंट जातो आणि मुंग्या जाणवतच नाहीत. आईंना कोणतं सुचवलंय ते विचारून घ्या, कारण रोजचं वागणं बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

आता चाचणीबद्दल. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यायला हवं. कायमचं बसवण्याआधी काही दिवस, बहुतेक आठवडाभर, फक्त वायर आत घालतात. तिचं टोक पाठीतून बाहेर असतं आणि बॅटरीचा डबा कमरेला बाहेरून बांधलेला असतो. आंघोळ बंद, ओल्या कपड्याने अंग पुसायचं. वायर घालताना मला पोटावर झोपवलं होतं, पण जागं ठेवलं होतं. "आता मुंग्या कुठे येतात?" असं डॉक्टर विचारायचे आणि माझ्या उत्तरावरून वायर सरकवायचे. आईंना हे आधी सांगून ठेवा. घाबरून "हो, हो, बरोबर" म्हटलं तर वायर चुकीच्या जागी राहील.

माझी चाचणी मुंबईला झाली, आणि ते दिवस मी डोंबिवलीला नणंदेकडे काढले. पहिल्या दिवशी नणंदबाईंनी मला पलंगावरून उठूच दिलं नाही. माया होती त्यात. पण संध्याकाळी लक्षात आलं की पडून राहिल्यावर तर माझं दुखणं तसंही कमीच असतं, मग मशीनने काय केलं ते मला कसं कळणार? दुसऱ्या दिवशी मी ओट्यापाशी उभी राहिले आणि भाकऱ्या केल्या. खाली वाकले नाही, जड उचललं नाही, पण उभी राहिले.

चाचणीच्या पंधरा दिवस आधीपासून मी वहीत तीन गोष्टी लिहित होते: ओट्यापाशी उभं राहून किती भाकऱ्या होतात, एका बैठकीत ब्लाउज किती पुढे जातो, आणि रात्री कितीला जाग येते. आधी दोन भाकऱ्यांनंतर बसावं लागायचं. चाचणीत सहा झाल्या. दहापैकी दुखणं किती, असं डॉक्टर विचारतात तेव्हा माणूस त्या दिवशीच्या मनःस्थितीप्रमाणे आकडा सांगतो. भाकऱ्या मोजता येतात. आईंसाठी त्यांच्या रोजच्या तीन गोष्टी निवडा, देवळापर्यंत चालणं असेल, जिना असेल, आणि आजपासूनच लिहायला लागा. वहीत फरक दिसला नाही तर वायर काढून घ्या आणि कुणी कितीही आग्रह केला तरी कायमचं बसवू नका.

त्याआधी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं होतं, तेव्हा खूप राग आला होता. नंतर समजलं की ती तपासणी सगळ्यांचीच करतात. नैराश्य असेल तर आधी त्यावर उपचार केलेले बरे, आणि वर्षानुवर्षं दुखणाऱ्या माणसाला ते नसेल तरच नवल. आईंना शुगर असेल तर तीही आधी ताब्यात आणा. जागा पिकली तर मशीन काढून टाकावं लागू शकतं.

बसवल्यानंतरचे पहिले दोन-अडीच महिने कठीण. वाकायचं नाही, कमरेतून वळायचं नाही, हात डोक्यावर ताणायचे नाहीत, जड उचलायचं नाही, कारण वायरीभोवती अजून पेशी धरलेल्या नसतात. आपल्याकडे हे जास्त अवघड आहे. जमिनीवर बसणं, केर काढणं, खाली बसायचं संडास, सगळ्यात वाकणं येतं. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. मी तिसऱ्या आठवड्यात खालच्या कप्प्यातला पिठाचा डबा वळून ओढला आणि मुंग्या पायातून थेट बरगडीत गेल्या. वायर थोडी सरकली होती. माझ्या लीडवर आठ बिंदू आहेत. कंपनीच्या माणसाने बाहेरूनच वेगळे बिंदू चालू करून मुंग्या परत पायात आणल्या. दुसरं ऑपरेशन टळलं, पण दरवेळी असं जमतंच असं नाही. तो माणूस मुंबईहून यायला नऊ दिवस लागले, आणि ते नऊ दिवस मी मशीन बंद ठेवून काढले. म्हणून आधीच विचारा: प्रोग्रॅमिंग कोण करणार, नाशिकला येणार की आम्ही दरवेळी कसारा घाट उतरायचा?

आता रोजचं. माझी बॅटरी चार्ज करावी लागते. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, कमरेला पट्टा बांधून तासभर बसते. चार्जर बॅटरीच्या बरोब्बर वर यावा लागतो आणि जागा जरा गरम होते. अशी बॅटरी नऊ-दहा वर्षं किंवा जास्तही चालते. चार्ज न करायचीही मिळते, पण ती काही वर्षांतच छोटं ऑपरेशन करून बदलावी लागते. आईंना रिमोट, पट्टा हे एकट्याने जमणार नसेल तर दुसरीचा विचार करा.

उताणं झोपलं की मुंग्या एकदम वाढतात, कारण मज्जारज्जू वायरीच्या जवळ येतो. झोपण्याआधी मी करंट दोन पायऱ्या खाली आणते. खोकला, शिंक, यानेही झटका बसतो. अॅक्टिव्हा चालवताना मशीन बंदच. द्वारका चौकाकडे जाताना एका स्पीडब्रेकरवर असाच झटका बसला होता आणि हँडल हललं, तेव्हापासून हा नियम.

फिजिओथेरपीत डायथर्मीचा, म्हणजे विजेच्या लहरींनी आतून उष्णता देणाऱ्या मशीनचा, शेक मात्र कधीही घेऊ देऊ नका. त्याने आतली वायर तापून मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते. मला एका ठिकाणी न विचारता हे शेकाचं मशीन लावायला घेतलं होतं, मी हात धरून थांबवलं. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर सर्जनला आधी सांगा, रक्तस्राव थांबवायला ते करंट वापरतात. एमआरआयआधी, पाठीत मशीन आहे हे सांगणारं कार्ड दाखवा, सगळी मशीन सगळ्या एमआरआयला चालत नाहीत. इंडक्शन शेगडी चालू असताना मी तिला पाठ करून खेटून उभी राहत नाही. ओझर विमानतळावर कार्ड दाखवून हाताने तपासणी करा म्हणते. सिंहस्थात जागोजागी डिटेक्टर लागतील, तेव्हा कार्ड पदरालाच बांधावं लागेल.

पैशांचं. मशीनच काही लाखांचं असतं. विमा कंपनीने मला आधी तोंडी हो म्हटलं आणि नंतर नाकारलं, डॉक्टरांच्या दोन पत्रांनंतर थोडी रक्कम दिली. मंजुरी लेखी घ्या.

अजून एक सांगायलाच हवं. सगळे अभ्यास माझ्यासारखं बोलत नाहीत. २००७ साली १०० रुग्णांवरचा एक अभ्यास आला. त्यात सहा महिन्यांनी पायाचं दुखणं निम्मं किंवा जास्त कमी झालेले, स्टिम्युलेटरवाल्या गटात ४८ टक्के होते आणि नुसत्या औषधोपचाराच्या गटात ९ टक्के. पण २०२२ साली नॉर्वेतला एक अभ्यास आला. मणक्याच्या ऑपरेशननंतर पाय दुखणारे ५० रुग्ण, सगळ्यांच्या पाठीत मशीन, काही महिने चालू आणि काही महिने नुसतंच चालू असल्याचं भासवलेलं. फारसा फरक दिसला नाही. त्यात करंट देण्याची पद्धत माझ्यापेक्षा वेगळी होती, तरी ते वाचून मी दोन रात्री झोपले नाही. मला नुसतं वाटतंय का? मग मी मशीन बंद करून वही उघडली. पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या रात्री सव्वादोनला जाग आली, तिसऱ्या दिवशी तीन भाकऱ्यांवर बसले. माझ्या मुंग्या मला जाणवतात, त्यामुळे बंद आहे हे मला माहीत होतं, म्हणून हा काही पुरावा नाही. पण मी मशीन परत चालू केलं आणि वही अजून लिहिते. आईंच्या डॉक्टरांना हे दोन्ही अभ्यास सांगून विचारा. चांगले डॉक्टर चिडत नाहीत.

एक राहिलंच. बॅटरी कमरेखाली मागच्या बाजूला बसवतात, आणि डॉक्टर जागा ठरवताना पँटच्या पट्ट्याचा विचार करतात. माझी बॅटरी नेमकी परकराच्या नाडीखाली आली आहे. उन्हाळ्यात तिथे काचतं, म्हणून मी आता नाडीऐवजी रुंद पट्टा शिवून घेतलाय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईंना नेहमीची साडी नेसून, खुर्चीत बसून आणि ज्या कुशीवर झोपतात त्या कुशीवर झोपून दाखवायला सांगा, आणि नाडी जिथे बसते तिथे डॉक्टरांकडून पेनाने खूण करून घ्या.