आधी १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन), मग बँक. आणि बँकेत गेलात तर पोच घेतल्याशिवाय उठू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली. आईला जळगावला 'आज रात्री साडेनऊला लाईट कापणार' असा मेसेज आला, त्यांनी त्या नंबरवर फोन केला, समोरच्याने मोबाईलमध्ये एक ॲप घ्यायला लावलं आणि खात्यातून अडुसष्ट हजार गेले. बँक म्हणते ओटीपी तुम्हीच दिलात, आधी एफआयआर आणा. दोन दिवस उलटून गेल्यावर तक्रार करण्यात अर्थ आहे का आणि फोन रीसेट करून टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

अर्थ आहे. फोन रीसेट करू नका. आणि १९३० ला अजून फोन केला नसेल तर हे वाचायचं सोडून आधी तो करा, बाकीचं नंतर वाचा.

मी वकील नाही, बँकेतही नाही. २०२२ च्या पावसाळ्यात माझ्या काकांना हाच मेसेज आला होता, शब्दसुद्धा तेच असणार: 'डिअर कन्झ्युमर, युअर इलेक्ट्रिसिटी पॉवर विल बी डिस्कनेक्टेड टुनाईट... बिकॉज युअर प्रीव्हियस मंथ बिल वॉज नॉट अपडेट.' खाली कुणा 'इलेक्ट्रिसिटी ऑफिसर'चा दहा आकडी मोबाईल नंबर. काका साताऱ्यात राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत, बिल आलं की दुसऱ्या दिवशी भरणारे. म्हणूनच घाबरले. बिल थकवणाऱ्या माणसाला असल्या मेसेजचं काही वाटत नाही.

लिंक उघडू नका, ओटीपी सांगू नका वगैरे मी लिहीत बसत नाही. ते बँकेच्या प्रत्येक मेसेजखाली असतं आणि तुमच्या आईलाही ते माहीत असणार. काकांनाही माहीत होतं. त्यांनी ओटीपी कुणालाही सांगितला नाही, हीच तर गंमत आहे. फोनवरचा माणूस 'अंकलजी, सिर्फ दस रुपये भरके कन्झ्युमर नंबर अपडेट कर दीजिये' म्हणाला, त्याआधी स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला लावलं, त्यातला कोड विचारून घेतला. काकांनी दहा रुपयांसाठी डेबिट कार्डाचा नंबर आपल्या हाताने टाईप केला, तो तिकडे दिसत होता. मग जे ओटीपी आले तेही तिकडे दिसत होते. बँकवाले 'ओटीपी दिलात' म्हणतात तेव्हा अर्जात हे नीट लिहा: ओटीपी सांगितलेला नाही, स्क्रीन शेअरिंग ॲपमधून तो पाहिला गेला. एवढ्याने बँक लगेच मान्य करेल असं नाही, कारण असलं ॲप घेणं हाच त्यांच्या मते ग्राहकाचा निष्काळजीपणा. पण 'ओटीपी दिला' हे वाक्य तुमच्या कबुलीजबाबासारखं कागदावर जाऊ देऊ नका. काऊंटरवरचा माणूस अर्ज तोंडी सांगायला लागला की त्यात ते हमखास येतं.

आता आमचे पैसे खरे कुठे गेले ते सांगतो. चोराने नेले ते नेलेच, पण निम्म्याहून जास्त रक्कम बँकेच्या शाखेत बसल्या बसल्या गेली. बँकेचं नाव लिहीत नाही, विचारूही नका.

पहिला मेसेज आला, एकोणपन्नास हजारांचा. काकांना लगेच कळलं. फोन खिशात टाकून ते तडक शाखेत गेले, घरापासून पाच मिनिटांवर आहे. तिथे सांगितलं, साहेब जेवायला गेलेत, तोवर अर्ज लिहून आणा. कोरा कागदही दिला नाही, बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून आणावा लागला. काका बाकावर बसून शिक्षकी अक्षरात अर्ज लिहीत होते. ॲप फोनमध्ये चालूच होतं, कार्डही चालू होतं. तेवढ्यात दुसरा मेसेज आला, याहून मोठ्या रकमेचा. त्यांनी तो काऊंटरवर नेऊन दाखवला. तिथल्या माणसाने वाचला आणि म्हणाला, 'हे पण अर्जात लिहा.'

हे पण अर्जात लिहा. कार्ड ब्लॉक करायला त्याला साहेबांची गरज नव्हती हो. अर्ज तर नव्हताच लागत.

साहेब आले, अर्ज ठेवून घेतला, 'बघतो, तुम्ही पोलिसात जा' म्हणाले. काकांनी पोच मागितली तर 'आज शिक्का मारणारे नाहीत' असं उत्तर. पोलीस ठाण्यात सांगितलं की हे सायबरचं आहे, तिकडे जा आणि आधी बँकेचं स्टेटमेंट आणा. स्टेटमेंटला परत शाखा, तोवर शाखा बंद. मला कळलं संध्याकाळी, मी चिंचवडहून १९३० लावला तेव्हा पैशांचा बराचसा भाग दुसऱ्या राज्यातल्या खात्यांतून पुढे निघून गेला होता.

ही पोच न मिळणं का महागात पडलं, ते नीट वाचा, कारण तुमच्या बाबतीतही सगळं यावरच अडणार आहे. काकांच्या वेळी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं, ग्राहकाने मंजूर न केलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, याबद्दल. त्याचा सारांश असा: ना बँकेची चूक ना ग्राहकाची, तिसऱ्यानेच कुठून तरी लबाडी केली असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काही बोजा नाही. ग्राहकाने निष्काळजीपणे माहिती दिली असेल, तर *बँकेला कळवेपर्यंतचं* नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं, ग्राहकाचं नाही.

म्हणजे पहिले एकोणपन्नास हजार काकांच्या अंगावर आले असते, हे समजू शकतो. पण दुसरी रक्कम गेली तेव्हा ते शाखेतच बसून होते! त्याच परिपत्रकात तक्रार घेण्याच्या मार्गांमध्ये ग्राहकाची स्वतःची शाखासुद्धा स्पष्ट लिहिली आहे. तक्रार आली की लगेच तक्रार क्रमांक देऊन पोच द्यायची हेही लिहिलं आहे. पण बँकेने लेखी उत्तर काय दिलं? 'ग्राहकाची पहिली तक्रार सायंकाळी प्राप्त झाली.' म्हणजे माझा १९३० चा फोन. दुपारचा अर्ज? तारीख आहे, वेळ नाही, शिक्का नाही, आवक क्रमांक नाही. सीसीटीव्हीचं फुटेज मागितलं तर तेवढं जुनं ठेवत नाहीत म्हणाले. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही (बँकांविरुद्धच्या तक्रारी तिथे ऐकतात) गेलो. तिथे कागद बघतात, आणि आमच्याकडे त्या दुपारचा एकही कागद नव्हता.

म्हणून माझं ठाम मत: पैसे गेल्याचा मेसेज आला की पहिल्या तासात शाखेत जाऊच नका. लोकांना हे उलटं वाटतं. आधी फोनचं नेट बंद करा, एरोप्लेन मोडवर टाका, म्हणजे तिकडून स्क्रीन दिसणं थांबतं. मग दुसऱ्या फोनवरून बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरवर कार्ड आणि नेटबँकिंग ब्लॉक करा. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच घ्या. गूगलवर शोधू नका, तिथेही यांनीच खोटे कस्टमर केअर नंबर पेरून ठेवलेत. तिथे तक्रार क्रमांक मिळतो आणि वेळेची नोंद आपोआप होते. लगेच १९३०. खातं कुठल्या बँकेत, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ एवढं हाताशी ठेवा. लाईन बिझी लागते, लावत राहा, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर स्वतः भरा. फोनवर नोंदवलं तरी पोर्टलवरची तक्रार त्याच दिवशी पूर्ण करा, नाहीतर ती अर्धवट लोंबकळते.

तुमचं दोन दिवसांचं म्हणाल तर, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे फिरतात आणि कुठे तरी एटीएममधून निघतात. सगळेच निघतात असं नाही. जिथे सापडतील तिथे ती बँक तेवढी रक्कम होल्डवर टाकते. आमची थोडी रक्कम अशीच तिसऱ्या खात्यात अडकलेली सापडली. ती मिळवायला कोर्टाचा आदेश लागला, तेव्हा सीआरपीसीच्या (जुना फौजदारी प्रक्रिया कायदा) कलम ४५७ खाली, आता बीएनएसएसच्या (त्याच्या जागी आलेला नवा कायदा) ५०३ खाली अर्ज करतात. त्याला वेळ लागला, पण आली. तक्रारच नसती तर तीही नसती आली.

शाखेत जायचं ते यानंतर, कागद द्यायला. अर्जाच्या दोन प्रती न्या, दोन्हीवर तारीख *आणि वेळ* घाला, एकीवर सही-शिक्का घ्या. देत नसतील तर वाद घालू नका, तिथेच बसून त्याच अर्जाचा फोटो शाखेच्या आणि तक्रार विभागाच्या ईमेलवर पाठवा, 'मी आत्ता शाखेत हजर आहे, पोच नाकारली आहे' असं एक वाक्य लिहून. ईमेलवरची वेळ कुणाला पुसता येत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, की लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फी लागत नाही.

आणि 'आधी एफआयआर आणा' हे बँकेने तुम्हाला सांगितलंय ना? होल्ड टाकायला एफआयआर लागत नाही, १९३० ची तक्रार पुरते. एफआयआर तुम्हाला पुढे कोर्टासाठी लागेल, म्हणून ती कराच. ठाण्यात 'आमच्या हद्दीत येत नाही' म्हणाले तर बीएनएसएस कलम १७३ चं नाव घ्या, हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. आयटी कायद्याखालचा तपास इन्स्पेक्टर किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, त्यामुळे ठाणे अंमलदाराशी हुज्जत घालण्यापेक्षा थेट पीआय साहेबांची वेळ मागा. सगळे पोलीस असं टाळतात असं मी म्हणत नाही, आम्हाला नंतर भेटलेले सायबरचे हवालदार फार चांगले होते, त्यांनीच कोर्टाचा मार्ग सांगितला.

फोन रीसेट का नको, तर मेसेज, कॉलचा नंबर, त्या ॲपचं नाव, कोड, हे सगळं पुरावा आहे. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा, तारखेसकट, दुसऱ्या फोनवर किंवा ईमेलवर टाका. मग ॲप काढा, नंबर ब्लॉक करा. त्यांनी एसएमएस पुढे पाठवणारं आणखी काही बसवलं असेल अशी शंका वाटली, तर सगळा पुरावा बाहेर काढून झाल्यावर मग खुशाल रीसेट करा.

तुमची भीती होती की पुन्हा असा मेसेज आला तर आई ओळखणार कशी. एक गोष्ट त्यांना सांगा: महावितरणचा मेसेज कधीच दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या जागी एमएसईडीसीएल (महावितरणचं इंग्रजी लघुरूप) अशी अक्षरं असतात. दुसरं म्हणजे थकबाकीसाठी असं त्याच रात्री वीज तोडताच येत नाही, वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे दुसरं जास्त उपयोगी. काकांना 'ओटीपी देऊ नका' शंभरदा सांगून जे झालं नाही ते 'पंधरा दिवस आहेत, घाई नाही' याने झालं. नुसता मेसेज आलाय, पैसे गेलेले नाहीत, तेव्हा दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'मध्ये तो कळवता येतो. पैसे गेले असतील तर मात्र चक्षू नव्हे, १९३०. लोक यात गल्लत करतात.

आईच्या कार्डाचे ऑनलाईन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करून टाका, एटीएम चालू राहतं. पेन्शनचं खातं वेगळं आणि यूपीआयला जोडलेलं खातं वेगळं, त्यात चार-पाच हजारच. आम्ही आता तसंच केलंय. आणि कृपा करून त्यांना रागावू नका, आमच्याकडे काकांनी काकूंनाही संध्याकाळपर्यंत सांगितलं नव्हतं.

इथे पोस्ट टाकल्यामुळे तुम्हाला आता 'पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' असे खाजगी मेसेज येतील. काहींच्या प्रोफाईलवर पोलिसांचा फोटोसुद्धा असतो. उत्तर देऊ नका, मलाही खाजगीत खाते क्रमांक पाठवू नका. बँकेच्या अर्जाचा मसुदा पाहिजे असेल तर काकांचा माझ्याकडे आहे, नाव-नंबर खोडून इथेच टाकतो.