मोठ्यांच्या जुन्या कपड्यांतून आणि बुटांतून मुलांसाठी नवे पोशाख कसे तयार करावेत?

तुम्ही विचारले आहे की, घरातील मोठ्यांचे जुने शर्ट, जीन्स, स्वेटर आणि बूट यांतून तीन वर्षांच्या मुलीसाठी व सात वर्षांच्या मुलासाठी घालण्याजोगे काही तयार होईल का, त्याला साधे शिवणयंत्र पुरेल का, आणि जे तयार होईल ते जुन्यातून काढल्यासारखे दिसू नये म्हणून काय करावे. कपड्यांबद्दल माझे उत्तर निःसंशय ‘हो’ असे आहे आणि साधे यंत्र त्यासाठी पुरेसे आहे. बुटांबद्दल मी फार सावध आहे; त्याची कारणे शेवटी सांगतो.

या कामाला हात घालणारे पुष्कळ जण आधी संपूर्ण कपडा उसवतात, त्याचे सपाट तुकडे करतात आणि मग त्यावर मुलाचा कपडा बेतू लागतात. मला ही पद्धत पटत नाही. जुन्या कपड्यात कापडापेक्षाही मोलाचे असे काही असेल तर ते म्हणजे त्यावर आधीच झालेले काम. नवख्याचा हात जिथे अडखळतो, ती काजे, सरळ बटणपट्टी, दुमडलेला घेर, कफ, झिप आणि कंबरपट्टा हे सगळे भाग कारखान्यातून नीटनेटके होऊन आलेले असतात. म्हणून मुलाच्या कपड्याचा बेत असा ठेवावा की हे तयार भाग जसेच्या तसे वापरात येतील आणि कात्री फक्त उरलेल्या ठिकाणी चालेल. घरी शिवलेला कपडा कसबी हाताचा वाटतो तो बहुधा याच भागांमुळे.

कोणता कपडा घ्यायचा हे ठरवण्यासाठी तो खिडकीसमोर उजेडात ताणून धरावा. कोपर, काख आणि कॉलरची घडी या ठिकाणी धागे विरळ झालेले असतात आणि तेथून उजेड आरपार येतो. पाठीचा भाग मात्र योकच्या, म्हणजे खांद्यांमागच्या आडव्या पट्टीच्या, खालपासून घेरापर्यंत पुष्कळदा नव्यासारखा राहिलेला असतो. जीन्समध्ये गुडघे, मांड्यांची आतली बाजू व बैठक आधी झिजते, तर पोटरीमागचे कापड शेवटपर्यंत घट्ट राहते. शंका वाटेल तो भाग दोन्ही अंगठ्यांखाली धरून जोर देऊन ओढावा आणि धागे सरकले किंवा बारीक चरचर ऐकू आली तर तो सरळ बाजूला काढावा. विरलेले कापड मजबूत कापडाला जोडले की शिवण टिकते आणि तिच्या शेजारीच कापड फाटते. ठिगळ लावतानाही हेच लक्षात ठेवावे आणि ते भोकापुरते न लावता भोवतालच्या धडधाकट कापडापर्यंत न्यावे.

जुन्या सुती कापडाचा एक मोठा फायदा असा की ते जेवढे आटायचे तेवढे आटलेले असते, सुटणारा रंग सुटून गेलेला असतो आणि अनेक धुण्यांनी त्याचा कडकपणाही निघून गेलेला असतो. लहान मुलांच्या अंगाला असे कापड नव्यापेक्षा सुखाचे वाटते.

सुरुवात मोठ्या माणसाच्या शर्टातून मुलीचा बिनबाह्यांचा झगा शिवण्यापासून करावी, असे मी सुचवीन. शर्टाची सर्व बटणे लावून तो बटणपट्टी वर येईल असा टेबलावर पसरावा. मुलीला सध्या नीट बसणारा एखादा झगा त्यावर असा ठेवावा की झग्याचा मध्य बटणपट्टीवर आणि त्याचा घेर शर्टाच्या तयार दुमडीवर येईल. कडेने खडूची रेघ मारावी, शिवणीसाठी दीड सेंटिमीटर माया सोडावी आणि दोन्ही थर एकदम कापावेत. कापण्यापूर्वी खालची बाजू तपासून घ्यावी, कारण पाठीकडचा घेर बऱ्याच शर्टांत थोडा खाली उतरलेला असतो. शर्टाची कॉलर, काखा आणि बाह्यांचे जोड हे झिजलेले भाग या कापणीत आपोआप बाहेर पडतात. आता बटणपट्टीची बाजू झग्याच्या पाठीवर घ्यावी, म्हणजे शर्टाची अखंड पाठ पुढे येते, आणि पुढचा गळा मागच्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर अधिक खोल करावा. तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर सुमारे ५० सेंटिमीटर असतो आणि एवढे डोके लहान गळ्यातून जात नाही. पाठीवरील बटणांमुळे तो प्रश्नच उरत नाही. गळ्याला आणि मुंढ्यांना, म्हणजे हात घालायच्या गोलाईंना, शर्टाच्याच बाहीतून कापलेली उरेब पट्टी लावावी, कारण तिरके कापलेले कापड वळणावर चुण्या न पडता बसते. एक गोष्ट मात्र सहज नजरेतून सुटते. मोठ्यांच्या शर्टाची बटणे एकमेकांपासून आठ-नऊ सेंटिमीटरवर असतात आणि लहान मुलाच्या अंगावर एवढ्या अंतरात पट्टी फाकते. म्हणून दोन बटणांच्या मध्ये एकेक टिचबटण लावावे किंवा कमरेखालची पट्टी कायमची शिवून टाकावी.

छातीवर खिसा असेल तर विचार करून कापावे. खिसा उसवला की त्याखाली मूळ रंगाचा गडद चौकोन आणि सुईच्या भोकांची रांग दिसते, आणि ती खूण कितीही धुतले तरी जात नाही. खिसा जागेवर ठेवला तर मोठ्या माणसाच्या मापाचा खिसा मुलाच्या छोट्या छातीवर मागून आणल्यासारखा दिसतो. मला स्वतःला तो खिसा झग्याच्या खालच्या भागात, हात सहज पोचेल अशा उंचीवर येईल असे बेतणे आवडते. तुमच्या प्रश्नातील ‘जुन्यातून काढल्यासारखे’ दिसण्याचे मूळ बहुधा अशा प्रमाणाच्या विसंगतीत असते: मोठी बटणे, रुंद चौकटी, जाड शिवणी. फिकटपणाचा दोष त्या मानाने लहान आहे. कापड सुती असेल तर ते घरी रंगवताही येते. फक्त बहुतेक कपड्यांची शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते आणि तो दोरा सुती कापडाचा रंग घेत नाही, हे ध्यानात ठेवून जुन्या दोऱ्याशी शोभेल असा रंग निवडावा. आणि प्रत्येक शिवण घातल्यावर लगेच इस्त्री फिरवावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण शिवणीचे रूप त्याने जेवढे सुधारते तेवढे दुसऱ्या कशाने सुधारत नाही.

टी-शर्ट, स्वेटशर्ट अशा विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कपड्यांच्या बाह्या म्हणजे मुलांच्या पायजम्याचे जवळजवळ तयार पाय होत. कफ घोट्याशी ठेवावा, बाहीची वरची बाजू आतून गोलाकार कापून दोन्ही बाह्या बैठकीच्या शिवणीने जोडाव्यात आणि कमरेला नेफा करून इलॅस्टिक घालावे. अशा कापडाला गोल टोकाची सुई वापरावी, कारण टोकदार सुई विणीचे टाके तोडते आणि तेथून भोके वाढत जातात. टीप झिगझॅग असावी. यंत्रात ती सोय नसेल तर कापड किंचित ताणून सरळ टीप घालावी. शर्टाच्या पातळ कापडाला ११ नंबरची आणि जीन्सला १६ नंबरची सुई योग्य. जीन्सच्या शिवणी एकमेकींवर येतात तो जाड भाग हातोडीने ठोकून चपटा करावा आणि तेवढ्यापुरते यंत्राचे चाक हाताने फिरवावे.

शंभर टक्के लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की आटून जाड नमद्यासारखा होतो आणि मग कापला तरी त्याचे धागे सुटत नाहीत. जाकीट, टोपी यांसाठी तो उत्तम. अ‍ॅक्रिलिक किंवा यंत्रात धुण्यासाठी प्रक्रिया केलेल्या लोकरीवर मात्र हा प्रयोग फसतो.

या वयातील मुले वर्षाला साधारण पाच ते सात सेंटिमीटर उंच होतात, पण रुंदीने त्या मानाने सावकाश वाढतात. म्हणून कपडा ढगळ करण्यापेक्षा लांबीत सोय ठेवावी. घेराच्या वर दोन सेंटिमीटरची एक आडवी चुणी घातली की चार सेंटिमीटर लांबी राखून राहते आणि पुढच्या वर्षी ती फक्त उसवायची असते. चुणीच्या जागी रेघ उठलीच तर तिच्यावरून रंगीत फीत लावून घ्यावी.

सात वर्षांच्या मुलाला मात्र तयार कपडा एकदम हातात देऊ नये. त्याला काय हवे आहे ते आधी विचारावे आणि मग त्याला साजेसे कापड शोधावे. कपाटात अमुक कापड आहे म्हणून त्याचे काहीतरी करायचे, हा क्रम या वयात चालत नाही. खिसे किती आणि कुठे हे त्याने ठरवावे, दोन कापडांची जोडी त्याने लावावी. कापण्याआधी घेतलेल्या या निर्णयांमुळे कपडा त्याचा होतो आणि तो घालण्याबद्दल पुढे वाद राहत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी कसलीही सवलत देत नाही. गळ्याशी किंवा टोपीला ओढायची दोरी ठेवू नये. घसरगुंडीत किंवा दारात ती अडकून गळफास बसू शकतो, आणि युरोपातील ईएन १४६८२ हे मानक सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत अशा दोऱ्यांना मनाई करते. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जुनी बटणेही काढून दुहेरी दोऱ्याने पुन्हा घट्ट लावावीत, मणी आणि टिकल्या टाळाव्यात. लव असलेले, सैल सुती कापड चटकन पेट घेते, म्हणून झोपण्याचे कपडे अंगाबरोबर बसणारे असावेत.

आता बूट. मोठ्यांचा बूट कापून मुलाच्या मापाचा करता येत नाही, कारण तळवा, टाच आणि चवड्याची वळणे एका साच्यावर एकत्र बसवलेली असतात. दुसऱ्या मुलाने चालून वापरलेले बूटही मी सुचवणार नाही. सुखतळ्यात पहिल्या पावलाचा ठसा उमटलेला असतो, टाच एका बाजूला झिजलेली असते, आणि मुलाच्या पावलातील हाडे अजून पक्की व्हायची असतात. फारसे न वापरलेले असतील तर पुढे एक-सव्वा सेंटिमीटर जागा राहते का ते पाहून घेता येतील. कृत्रिम चामडे आणि पॉलियुरेथेनचे तळवे यांपासून मात्र दूर राहावे, कारण हवेतील ओलाव्याने ते कपाटात पडल्यापडल्याही भुगा होतात.

मग उरते काय? खऱ्या चामड्याच्या उंच बुटाचा पोटरीवरचा भाग. तो सपाट, मोठा आणि फारसा न मुडपलेला असतो, आणि त्यातून मुलीसाठी घरात घालायचे मऊ पायमोजेवजा बूट उत्तम होतात. तळवा, पुढचा भाग आणि टाच असे तीन तुकडे कापावेत. कडेने आरीने तीन-चार मिलिमीटर अंतरावर आधी भोके पाडून घ्यावीत आणि मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी टाका घ्यावा. एखादा टाका तुटला तरी ही शिवण उलगडत नाही. तळव्याला चामड्याची खरखरीत बाजू बाहेर ठेवावी, म्हणजे पाय घसरत नाही. मुलाचे स्वतःचे कॅनव्हासचे बूट अजून मापात असतील, तर चवड्यावरचा फाटका भाग जीन्सच्या तुकड्याने झाकावा, पण त्याची शिवण आतून बोटांना टोचत नाही ना, हे हात घालून पाहावे आणि मगच बूट त्याच्या पायात द्यावा.