मित्राचं तिकीट की देणगीदाराचं?

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे, टेनिस खेळते. अमेरिकेतलं एक डिव्हिजन वन (कॉलेज खेळांच्या सर्वोच्च श्रेणीतलं) विद्यापीठ तिला शिष्यवृत्ती देऊ म्हणतंय. टेक्ससमध्ये राहणारा माझा कॉलेजातला मित्र त्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला देणग्या देतो. मे महिन्यात आम्हा तिघांची विमानाची तिकिटं त्यानेच काढली, घरी ठेवून घेतलं, कॅम्पस दाखवला. आता तिथले सहायक प्रशिक्षक म्हणतात, "कुणी विचारलं तर तिकिटं तुम्ही काढली असं सांगा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुसून टाका." मेहुणा म्हणतो, तिथे आता खेळाडूंना उघड पैसे मिळतात, कसले नियम घेऊन बसलात! काय करावं? – एक वडील, सांगली

उत्तर : आधी एक काम करा. फोनमधला एकही मेसेज पुसू नका आणि मुलीलाही पुसू देऊ नका. बाकीचं नंतर.

तिकिटांचं प्रकरण निस्तरता येतं, खोटं बोलल्याचं येत नाही. टेनेसी विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक ब्रूस पर्ल यांनी 2008 मध्ये अकरावीतल्या काही खेळाडूंना घरी बार्बेक्यूला बोलावलं. नियमात न बसणारी, पण तशी किरकोळच गोष्ट. पुढे एनसीएएच्या (तिथल्या कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या) चौकशीत त्यांना त्याच घरात काढलेला फोटो दाखवला, तर हे घर कुणाचं ते माहीत नाही म्हणाले. 2011 मध्ये नोकरी गेली, वर तीन वर्षांचे निर्बंध आले. जेवायला गेलेल्या मुलांपैकी एक पुढे ओहायो स्टेटकडून चार वर्षं व्यवस्थित खेळला. तुमचे प्रशिक्षक स्वतःची नोकरी वाचवताहेत. त्यासाठी तुमच्या मुलीने चौकशीत खोटं बोलायचं, असा हा सौदा आहे. चौकशीत दिशाभूल करणं हा खेळाडूचाही स्वतंत्र नियमभंग ठरतो.

आता मित्राकडे येऊ. क्रीडा विभागाला देणगी देणारा माणूस एनसीएएच्या लेखी 'बूस्टर', आणि एकदा बूस्टर तो कायमचा बूस्टर. त्याने खेळाडूला किंवा घरच्यांना काही फुकट दिलं, तर ते आमिष धरतात. म्हणजे तुमची दोन तिकिटंही मुलीच्याच खात्यात जमा. पण जुनी मैत्री हा खरा बचाव आहे. त्यात पाहतात ते असं : ओळख खेळामुळे झाली की आधीची? मुलगी नववीत जाण्याआधीची का? (नववीपासून मूल 'संभाव्य खेळाडू' गणलं जातं.) आणि पूर्वीही असंच घेणंदेणं होतं का? म्हणून मला सांगा, हा मित्र मुलीच्या बारशाला आला होता का? मधल्या काळात येणंजाणं होतं का? की पंधरा वर्षं पत्ता नव्हता आणि मुलीचं नाव पेपरात आल्यावर अचानक फोन सुरू झाले? पहिलं असेल तर जुने फोटो, ईमेल, पूर्वीच्या भेटींच्या तारखा काढून ठेवा. दुसरं असेल तर मैत्रीचा आव आणू नका, तो टिकणार नाही.

मेहुण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. 2021 पासून खेळाडू स्वतःच्या नाव-छबीवर, म्हणजे जाहिराती वगैरेंतून, कमावू शकतात. 6 जून 2025 ला खेळाडूंच्या मोबदल्यावरून चाललेल्या 'हाऊस' नावाच्या खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली आणि 2025-26 साठी एका विद्यापीठाने खेळाडूंना थेट द्यायच्या रकमेची मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर ठरली. त्यातला बहुतेक वाटा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. टेनिसच्या वाट्याला काय येईल याची फार आशा धरू नका. पण मुळात तो पैसा विद्यापीठ देतं, ठरलेल्या चौकटीत. देणगीदाराने आपल्या खिशातून काढलेलं तिकीट त्यात बसत नाही. ते नाव-छबीचा मोबदलाही नाही, कारण मुलीने त्या बदल्यात काहीच केलेलं नाही. विशेष म्हणजे अधिकृत भेटीसाठी मुलीचा प्रवास, राहणं, जेवण हे सगळं विद्यापीठ रीतसर करू शकलं असतं!

आणि मित्राने 'पुढे माझ्या कंपनीची जाहिरात कर, पैसे देतो' असं सुचवलं असेल तर तूर्त नाही म्हणा. मुलगी एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जाणार. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम केलं तर प्रश्न खेळाचा उरत नाही, देशात राहण्याचा होतो.

आता विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसला (नियमपालन पाहणाऱ्या कार्यालयाला) ईमेल करा. प्रशिक्षकांमार्फत नको, थेट. तिकिटं कुणी काढली, किती किमतीची, कुठे राहिलात, मित्राची ओळख कधीची, एवढंच सरळ लिहा. प्रशिक्षकांनी जे सांगायला आणि पुसायला सांगितलं त्याचाही उल्लेख करा, विशेषणं न लावता. या आमिषामुळे मुलीची खेळण्याची पात्रता गेली, तर ती परत मिळवण्याचा अर्ज तुम्हाला करता येत नाही, तो विद्यापीठच एनसीएएकडे करतं. त्यामुळे त्यांना अंधारात ठेवून तुमचं काहीच होणार नाही. वेळ लागेल, काही सामने बुडतीलही.

मित्राला तिकिटांचे पैसे आजच पाठवायची घाई करू नका. अशा प्रकरणात ती रक्कम बहुधा एखाद्या धर्मादाय संस्थेला द्यायला सांगतात, आणि मित्राला दिलेले पैसे त्यात धरले जातीलच असं नाही.