पहिल्या कादंबरीच्या प्रचारासाठी बचत मोडावी का?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण नोकरी सांभाळून लिहिलेली पहिली रहस्य-कादंबरी आठ महिन्यांपूर्वी स्वतःच प्रकाशित केली. ई-बुक आणि छापील अशा दोन्ही स्वरूपांत मिळून तिच्या ३१० प्रती खपल्या, आणि त्याच नायिकेची दुसरी कादंबरी निम्मी लिहून झाली आहे. आता पुस्तकांचा प्रचार करणाऱ्या एका कंपनीने आपल्यापुढे एक योजना ठेवली आहे. तिचे शुल्क आपल्या घरच्या चार महिन्यांच्या खर्चाएवढे आहे आणि ते सगळे आगाऊ भरायचे आहे. आठवडाभरात सही केली तर २० टक्के सूट मिळणार आहे. आपली एकूण बचत आठ महिन्यांच्या खर्चाएवढी आहे. ती मोडावी, की तिला हात न लावता वैयक्तिक कर्ज घ्यावे, असा आपला प्रश्न आहे.

माझे मत आधीच सांगतो: करारावर सही करू नये आणि कर्जही घेऊ नये. याचा अर्थ प्रचारावर खर्चच करू नये असा मात्र नाही. लेखकाने प्रचारावर पैसे खर्च करणे हा काही हौसेचा अपव्यय नव्हे. स्वतंत्र लेखक हाच स्वतःचा प्रकाशक असतो आणि प्रकाशकाला हा खर्च चुकत नाही. माझा आक्षेप रकमेला, ती भरण्याच्या पद्धतीला आणि मुख्यतः वेळेला आहे. एकाच पुस्तकाच्या जोरावर केलेला जाहिरातखर्च सहसा त्या पुस्तकातून भरून निघत नाही. तो त्याच वाचकाने घेतलेल्या पुढच्या पुस्तकांतून निघतो, आणि ती पुढची पुस्तके आज आपल्याकडे नाहीत.

हिशोब सोपा राहावा म्हणून पुस्तकाची किंमत १०० धरू. ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशन सेवेत ई-बुकवर ७० टक्के किंवा ३५ टक्के असे मानधनाचे दोन दर आहेत, ७० टक्क्यांसाठी किंमत ठरावीक पट्ट्यात ठेवावी लागते (अमेरिकेतील दुकानात २.९९ ते ९.९९ डॉलर) आणि फाइलच्या आकारानुसार थोडे वितरणशुल्क कापले जाते. ते शुल्क बाजूला ठेवले, तर ई-बुकच्या प्रतीमागे आपल्या हाती ७० येतात. छापील प्रतीचे गणित वेगळे आहे. तेथे किमतीच्या ६० टक्क्यांतून छपाईचा खर्च वजा होतो, आणि जून २०२५ पासून ठरावीक मर्यादेपेक्षा स्वस्त पुस्तकांसाठी हा दर ५० टक्क्यांवर आला आहे. वरचा दर मिळतो असे धरले आणि छपाईला ३५ लागले, तर हाती २५ उरतात. आपली विक्री दोन्ही स्वरूपांत निम्मी-निम्मी आहे. म्हणजे सरासरीने प्रतीमागे ४७.५.

आपण दिलेल्या आकड्यांवरून योजनेचे शुल्क साधारण २,४०० प्रतींच्या किमतीएवढे, म्हणजे याच मापात २,४०,००० होते. ते नुसते वसूल व्हायला सुमारे ५,०५० जादा प्रती खपाव्या लागतील, म्हणजे आजवरच्या एकूण खपाच्या सोळापट. शिवाय आपणच लिहिले आहे की ३१० पैकी २४० प्रती पहिल्या दोन महिन्यांत नातेवाईक, सहकारी आणि परिचितांनी घेतल्या. अनोळखी वाचकांपर्यंत पुस्तक किती पोहोचते याचे माप म्हणून मी उरलेल्या सहा महिन्यांतल्या ७० प्रतींकडेच पाहीन. पहिल्या कादंबरीसाठी हा आकडा लाजिरवाणा नाही, पण पाच हजारांची अपेक्षा त्याच्यावर उभी राहू शकत नाही.

आता आपण स्वतः जाहिरात दिली तर काय होईल ते पाहू, कारण योजनेतल्या खर्चाचा मोठा भाग शेवटी तेथेच जाणार आहे. पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळांवरील जाहिरातीत बहुधा दर क्लिकमागे पैसे आकारले जातात आणि तो दर लिलावाने ठरतो. समजा, एका क्लिकला पुस्तकाच्या किमतीच्या ८ टक्के, म्हणजे ८ लागले, आणि बारा जणांनी पान उघडल्यावर एकाने ई-बुक घेतले. एक प्रत विकायला ९६ खर्च झाले आणि मिळाले ७०. प्रत्येक विक्रीमागे २६ चा तोटा, आणि अशा स्थितीत जाहिरातीची रक्कम वाढवली तर तोटाच वाढतो. छापील प्रत विकली गेली तर तो ७१ होतो. म्हणून जाहिरातखर्च आणि विक्री यांचे जे टक्केवारीतले गुणोत्तर जाहिरातीच्या अहवालात दिसते, त्याची ना-नफा-ना-तोटा मर्यादा ई-बुकसाठी ७० टक्के आणि छापील पुस्तकासाठी अवघी २५ टक्के आहे, हे लक्षात ठेवावे. दोन्हींसाठी एकच बोली लावणे ही फार महागात पडणारी सवय आहे.

आता याच जाहिरातीमागे तीन पुस्तकांची मालिका आहे असे समजा. पहिले पुस्तक वाचणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांनी दुसरे घेतले आणि त्यांच्यापैकी ६० टक्क्यांनी तिसरे. तर जाहिरातीतून आलेल्या प्रत्येक वाचकामागे ७० अधिक २८ अधिक १६.८, असे एकूण ११४.८ मिळतात. क्लिकचा दर तोच, पहिल्या पुस्तकाची विक्री तेवढीच, खर्च तोच ९६. पण २६ च्या तोट्याच्या जागी १८.८ चा नफा दिसतो. ४० आणि ६० हे मी उदाहरणासाठी धरलेले आकडे आहेत. आपल्या नायिकेमागे किती वाचक पुढच्या पुस्तकापर्यंत येतील हे दुसरे पुस्तक बाजारात आल्यावरच कळेल, आणि ते कळण्यापूर्वी चार महिन्यांचा घरखर्च पणाला लावणे मला मान्य नाही.

आणखी एक आकडा आपल्या हातात आहे, तो म्हणजे बारापैकी एक हे प्रमाण. ते जाहिरातीने सुधारत नाही; मुखपृष्ठ, पुस्तकाच्या पानावरील परिचयाचा मजकूर आणि नमुना म्हणून वाचायला मिळणारी पहिली पाने यांनी सुधारते. सातपैकी एकाने पुस्तक घेतले, तर विक्रीमागचा जाहिरातखर्च ९६ वरून ५६ वर येतो आणि एकटे पुस्तकही किंचित नफ्यात जाते. आपण लिहिले आहे की मुखपृष्ठ एका मित्राने करून दिले आणि मुद्रितशोधन आपणच केले. मित्राच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो की रहस्यकथेचा वाचक मुखपृष्ठावरून पुस्तकाचा प्रकार क्षणात ओळखू पाहतो, आणि स्वतःच्या लिखाणातल्या चुका स्वतःला सहसा दिसत नाहीत. व्यावसायिक मुखपृष्ठ आणि संपादन यांचा खर्च एकदाच होतो, पण त्याचा लाभ त्यानंतरच्या प्रत्येक क्लिकला मिळतो. प्रचाराच्या रकमेतला पहिला पैसा येथे जावा.

योजनेतल्या बाबींपैकी दोन मला विशेष काळजीच्या वाटतात. पहिली म्हणजे ‘५० परीक्षणांची हमी’. ॲमेझॉनच्या नियमांनुसार पैसे देऊन परीक्षण मिळवणे निषिद्ध आहे आणि असे प्रकार उघड झाल्यास परीक्षणे काढून टाकली जातात, प्रसंगी खातेही बंद होऊ शकते; अमेरिकेच्या व्यापार आयोगाचा खोट्या परीक्षणांवर बंदी घालणारा नियमही ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. वाचकाला आगाऊ प्रत विनामूल्य देता येते, पण त्या बदल्यात परीक्षणाची, त्यातही चांगल्या परीक्षणाची, अट घालता येत नाही. दुसरी बाब ‘पुस्तकांच्या दुकानांत उपलब्धता’. मागणीनुसार छपाई करणाऱ्या वितरकांमार्फत दुकानांत जायचे, तर साधारण ५५ टक्के सवलत आणि न खपलेल्या प्रती परत घेण्याची तयारी अपेक्षित असते. १०० मधून ५५ सवलत आणि ३५ छपाई गेली की प्रतीमागे १० उरतात. आणि एक प्रत परत आली की तिच्या छपाईचे ३५ आपल्याला सोसावे लागतात, म्हणजे साडेतीन प्रतींची कमाई जाते. हा खर्च योजनेच्या शुल्कात धरलेला नाही, तो नंतर आपल्याकडून घेतला जाईल. पुस्तकाची चित्रफीत आणि प्रसिद्धिपत्रक यांनी विक्री किती वाढली हे मोजण्याचा कोणताही मार्ग कंपनीने दिलेला नाही. म्हणून हिशोबात मी त्यांचे मूल्य शून्य धरतो.

कंपनीने आपल्याला ‘द मार्शियन’ या कादंबरीचे अमेरिकन लेखक अँडी वेअर यांचे उदाहरण दिल्याचे आपण लिहिले आहे. ते खरेच स्वतः प्रकाशित केलेल्या कादंबरीतून जगभर पोहोचले. पण ती कादंबरी त्यांनी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने विनामूल्य वाचायला दिली होती, आणि वाचकांनीच मागणी केल्यावर २०११ मध्ये किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुक दुकानात, ९९ सेंटला आणली. त्यांच्याकडे वाचक आधी होते, विक्री नंतर आली. हे उदाहरण मोठ्या रकमेच्या आगाऊ प्रचाराच्या बाजूने बोलत नाही.

कर्जाबद्दल थोडक्यात. जाहिरातीचे पैसे लगेच द्यावे लागतात, तर किंडलचे मानधन ज्या महिन्यात विक्री झाली तो महिना संपल्यानंतर सुमारे ६० दिवसांनी मिळते. जानेवारीच्या सुरुवातीला खपलेल्या प्रतीचे पैसे मार्चअखेरीस हाती येतील. तोवर दोन-तीन हप्ते पगारातून गेलेले असतील. हप्ता निश्चित आणि उत्पन्न अनिश्चित, अशा जोडीसाठी मी कोणालाही कर्ज सुचवत नाही. बचतीपैकी सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम आपत्कालीन निधी म्हणून बाजूला राहिली पाहिजे, आणि लेखनाचा या रकमेशी काहीही संबंध असू नये. म्हणजे लेखनासाठी आपल्याकडे जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम आहे. ती वेगळ्या खात्यात ठेवावी, आणि पुस्तकाचे येणारे पैसेही त्याच खात्यात घ्यावेत, म्हणजे व्यवसाय कोठे उभा आहे हे दर महिन्याला दिसेल. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या लेखकाने ॲमेझॉनच्या खात्यातील करविषयक माहिती नीट भरली नाही, तर तेथील विक्रीच्या मानधनातून ३० टक्क्यांपर्यंत कर कापला जाऊ शकतो. तेही एकदा तपासून घ्यावे.

या रकमेतून सर्वांत मोठा वाटा दुसऱ्या पुस्तकाचे संपादन आणि दोन्ही पुस्तकांना शोभतील अशा जोडीच्या मुखपृष्ठांसाठी राखावा. नवे मुखपृष्ठ लागल्यावर पहिल्या पुस्तकाची एक छोटी चाचणी घ्यावी: फक्त ई-बुकसाठी, रोजच्या खर्चाला मर्यादा घालून, ३०० क्लिक होईपर्यंत. ८ च्या दराने याला २,४०० लागतील. कंपनीच्या शुल्काच्या हा शंभरावा भाग आहे, आणि त्यातून आपल्याला स्वतःच्या पुस्तकाचा खरा क्लिकदर व विक्रीचे खरे प्रमाण कळेल. वीस-तीस क्लिकनंतर निष्कर्ष काढू नये, कारण तेवढ्यातून दिसणारे प्रमाण निव्वळ योगायोगाचे असू शकते. ३०० क्लिकनंतर विक्री पंधरापेक्षा कमी असेल तर जाहिरात थांबवावी आणि पुन्हा पुस्तकाच्या पानावर काम करावे. पंचवीसच्या पुढे असेल तर ती त्याच मर्यादेत चालू ठेवावी.

त्याचबरोबर, कादंबरीच्या शेवटच्या पानावर वाचकाला ईमेल यादीत नाव नोंदवण्याचे निमंत्रण आजच घालावे. बदल्यात नायिकेची एखादी छोटी कथा द्यावी. याला जवळजवळ काही खर्च येत नाही. क्लिकने आलेल्या वाचकाशी पुन्हा बोलायचे तर पुन्हा पैसे मोजावे लागतात, यादीतल्या वाचकाला दुसऱ्या पुस्तकाची वार्ता थेट देता येते, आणि ती यादी आपल्या मालकीची राहते.

किंडलच्या एकाधिकार योजनेत जावे का, असेही आपण विचारले आहे. तिच्यात ई-बुक ९० दिवस इतर कोठेही विकता येत नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. छापील पुस्तकावर हे बंधन नाही. त्या बदल्यात, ॲमेझॉनच्या ई-बुक वाचनसेवेची वर्गणी भरणाऱ्यांनी वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात. आपल्या ई-बुकची इतरत्र विक्री जवळपास नसल्यामुळे एक मुदत जाऊन पाहण्यात फार काही गमावण्यासारखे नाही. मुदत आपोआप पुढे वाढते, तेवढी ती संपण्याची तारीख लिहून ठेवावी. बुकबबसारख्या सवलतीच्या पुस्तकांच्या वार्तापत्रातील जाहिरात मात्र आत्ता नको. तेथे शुल्क भरून शिवाय पुस्तक स्वस्त द्यावे लागते, आणि मागे दुसरे पुस्तक असल्याशिवाय तो खर्च निघणे कठीण असते.

कंपनीला नकार कळवण्यापूर्वी हवे असल्यास तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: जाहिरातीचे खाते कोणाच्या नावावर असेल, शुल्कातील किती रक्कम प्रत्यक्ष जाहिरातीवर जाईल, आणि पुस्तकाच्या कोणत्याही हक्कांवर कंपनी दावा करते का. खाते आपल्या नावावर नसेल तर करार संपताच सगळी माहिती त्यांच्याकडे राहील. उत्तरे समाधानकारक आली तरी आजचे माझे मत बदलणार नाही, कारण अडचण पुस्तकांच्या संख्येची आहे.

ते बदलेल ते दुसरे पुस्तक येऊन सहा महिने झाल्यावर. पहिल्या पुस्तकाच्या त्या काळात खपलेल्या प्रतींशी दुसऱ्याच्या प्रतींची तुलना करावी. दुसऱ्याकडे वळणारे वाचक ४० टक्के किंवा अधिक असतील, आणि चाचणीतला विक्रीमागचा जाहिरातखर्च दोन्ही पुस्तकांच्या एकत्रित मानधनापेक्षा, म्हणजे ९८ पेक्षा, स्पष्टपणे कमी असेल, तर लेखनखात्यात उरलेल्या रकमेपैकी निम्मी जाहिरातीला लावायला मी आनंदाने होकार देईन. ते आकडे हाती आले की मला जरूर पाठवावेत.

आपला,
आर्थिक नियोजक