हाताने बनवलेल्या दागिन्यांची प्रदर्शनासाठी किंमत कशी ठरवावी? प्रत्येक नगावर टॅग लावावा की विचारल्यावर किंमत सांगावी?

प्रत्येक नगावर लावा. तुम्ही लिहिलंय की टेराकोटाचे झुमके आणि मोत्यांच्या नथी घरी करता, दिवाळीआधीच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच स्टॉल घेतलाय, आणि ओळखीच्यांनी सांगितलंय की किंमत लिहू नका, माणूस बघून सांगा. हा सल्ला अजिबात ऐकू नका. मीही हेच काम करते, पुण्यातल्या प्रदर्शनांत स्टॉल लावते. संध्याकाळी सहानंतर गर्दी झाली की स्टॉलसमोर एका वेळी पाच-सहा जणी उभ्या असतात. त्यातल्या दोघी विचारतात, बाकीच्या झुमका हातात घेतात, उलटून बघतात, किंमत दिसली नाही की खाली ठेवून पुढे जातात. ‘महाग असेल, उगाच कशाला विचारा’ असं वाटून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. शिवाय शेजारी उभ्या असलेल्या दोघींना वेगवेगळा भाव सांगितला गेला तर तुमचा शब्द तिथेच संपला.

किंमत घरी बसून, वही-पेन घेऊन ठरवायची. स्टॉलवर, समोरच्या ताईंच्या चेहऱ्याकडे बघत ठरवलेली किंमत नेहमी कमीच निघते, भवानीच्या वेळी तर हमखास.

झुमक्यांचाच हिशोब मांडून दाखवते. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही भरा. माती, रंग, वॉर्निश १५ रुपये. हुक, जंप रिंगा (जोडायच्या बारीक कड्या), खाली लोंबणारे मणी १८ रुपये. कार्ड, टॅग, छोटी पिशवी १२. झाले ४५. भट्टीत दहातला एखादा जोड तडकतो, रंगवताना एखादा हातातून निसटतो, त्याचे ५ धरा. म्हणजे सामान ५० रुपये. आता वेळ. इथे बहुतेक जणी डोळेझाक करतात, आणि सगळा घोळ इथेच होतो. एक जोड करायला किती वेळ लागतो हे आठवून सांगू नका. बारा जोडांचा घाणा घ्या आणि माती मळण्यापासून कार्डावर टोचण्यापर्यंतचा सगळा वेळ घड्याळ लावून लिहा. सँडपेपर मारणं, रंगाचा दुसरा हात, हुक लावणं, सगळं त्यात आलं. समजा नऊ तास झाले, तर जोडामागे पाऊण तास. ताशी १२० रुपये धरले तर ९०. सामान आणि मजुरी मिळून १४०. सामान आणायला रविवार पेठेतल्या खेपा, रिक्षा, वीज, मोबाइल यासाठी दहा टक्के, म्हणजे १४. एकूण १५४.

ही अजून किंमत नाही, घरातून निघतानाचा खर्च आहे. स्टॉलचं भाडं बाकी आहे. माझा अंदाज असा की भाडं अपेक्षित विक्रीच्या १५ ते २० टक्क्यांपलीकडे जाऊ नये. तीन दिवसांचे ६,००० रुपये भाडं असेल, तर किमान ३० हजारांची विक्री व्हायला हवी. तेवढा माल तुमच्याकडे आहे का, आणि त्या प्रदर्शनाला येणारी माणसं दागिने घेणारी आहेत की खायला येणारी आहेत, हे पैसे भरण्याआधी बघायचं. हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाचं कारागीर ओळखपत्र मिळत असेल तर जरूर काढा, सरकारी हस्तकला बाजारात जागा मिळवताना ते लागतं.

आता झुमका २५० ला लावला तर भाड्याचे वीस टक्के, म्हणजे ५०, जातात, १५४ खर्च, हातात ४६ उरतात. हा नफा, आणि तो तुमच्या मजुरीहून वेगळा आहे. यातूनच पुढचं सामान येतं आणि न विकलेला माल सांभाळला जातो. हाच झुमका १५० ला दिलात तर भाड्याचे ३० वजा जाता १२० राहतात. त्यातून सामान आणि वरखर्चाचे ६४ गेले की पाऊण तासाच्या कामाचे ५६ रुपये. ताशी पाऊणशेसुद्धा नाहीत. ‘घरबसल्या तेवढेच’ असं कुणी म्हणालं तर हा हिशोब समोर ठेवा. मला या बाबतीत फार तळमळून सांगावंसं वाटतं, कारण हाताचं काम सुंदर असलेल्या कितीतरी जणी इथेच थकून बंद करतात.

शेजारच्या स्टॉलवर तयार इमिटेशनचे झुमके १०० ला असतील. मुंबईतल्या भुलेश्वरहून किंवा मालाडहून डझनाने आणलेला माल आणि तुमचा माल यांची बरोबरी होत नाही, आणि त्या भावाशी स्पर्धा करायला गेलात तर हरणारच. फरक दिसला पाहिजे. आणि तो दाखवायचं काम टॅग करतो.

टॅगवर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वस्तू कशाची आहे ते. खरं आणि स्पष्ट. ‘मोत्याची नथ’ एवढं पुरत नाही. काचेचे मोती असतील तर ‘काचमोती’ लिहा, गोड्या पाण्यातले असतील तर तसं लिहा, आणि मग दोन्हींच्या किमतीतला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जर्मन सिल्व्हर वापरत असाल तर ‘यात चांदी नाही’ हे आवर्जून लिहा. तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे, पण नावामुळे लोक फसतात आणि नंतर दोष तुमच्या माथी येतो. त्यातल्या निकेलने काहींचे कान खाजतात, लाल होतात. कानात जाणारा हुक चांदीचा असेल तर ‘हुक ९२५ चांदी’ असं वेगळं लिहा. ‘निकेलमुक्त’ हा शब्द दुकानदाराने बिलावर लिहून दिला असेल तरच वापरा, तोंडी भरवशावर नाही. मुलामा असेल तर मुलामा म्हणा. टेराकोटावर ‘भाजलेली माती, हाताने रंगवलेली, पाणी आणि अत्तरापासून जपा’ एवढं पुरे. मागच्या बाजूला तुमचं नाव आणि व्हॉट्सअॅप नंबर. एखादा मणी निघाला तर दुरुस्त करून देते, असं लिहिलेलं असलं की लोकांना भरवसा वाटतो, आणि त्याच नंबरवर पुढच्या ऑर्डरी येतात.

टॅग लावायची पद्धतही बघा. काचमोत्यांवर स्टिकर चिकटवू नका, काढताना वरचा लेप सोलून येतो. हारांना दोऱ्याने बांधा, हुकाजवळ, आणि दोरा आखूड ठेवा, नाहीतर ट्रेमध्ये सगळा गुंता होतो. कानातली आणि नथी जाड कार्डावर टोचायच्या. किंमत कार्डाच्या मागे नको, पुढे खालच्या कोपऱ्यात, आणि सहज निघणाऱ्या स्टिकरवर, कारण भेट द्यायला घेणाऱ्याला ती काढायची असते. साध्या बॉलपेनची शाई घामाच्या बोटांनी पसरते, बारीक टोकाचा परमनंट मार्कर घ्या. मी टॅगला मधोमध टोचे पाडून दोन भाग करते. दोन्हीकडे वस्तूचा क्रमांक असतो. विकलं की एक भाग फाडून डब्यात टाकायचा. गर्दीत वहीत लिहायला वेळ नसतो, पण रात्री डबा ओतला की काय गेलं आणि कोणत्या किमतीचं गेलं ते समोर येतं.

कायद्याचं थोडक्यात. माल उघडा मांडून गिऱ्हाइकासमोर पिशवीत घालून देत असाल तर पाकिटबंद वस्तूंचे नियम लागत नाहीत. पण घरूनच डब्यांत भरून नेणार असाल, डब्याला सील नसलं तरी, तो माल ‘आवेष्टित वस्तू’ धरला जातो आणि २०११ च्या वैधमापनशास्त्र नियमांप्रमाणे त्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग किती, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. म्हणून सुरुवातीला उघडंच मांडा. जीएसटी नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावायचा नाही. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. दुसऱ्या राज्यात स्टॉल घेणार असाल तर नियम वेगळे आहेत, आधी करसल्लागाराला विचारा.

घासाघीस होणारच. ‘काही कमी नाही का?’ हे काकू सवयीने विचारतात, त्यात अपमान काहीच नाही. पण त्यासाठी किंमत आधीच फुगवून ठेवू नका. मी ‘एकच दर’ अशी पाटी ठेवते आणि सवलत आधीच ठरवून लिहून ठेवते: २५० चे कोणतेही दोन जोड ४५०. मग नाही म्हणावं लागत नाही, ‘दोन घ्या ना काकू, मग बसतं’ एवढं म्हटलं की पुरतं. किमती १५०, २५०, ४०० अशा गोल ठेवा. क्यूआर कोड असला तरी पाचशेची नोट घेऊन येणारे असतातच, आणि २३५ चे सुटे देण्यात रांग तुटते. १५० च्या वस्तूंसाठी वेगळा ट्रे करा, पण त्यात झुमके टाकू नका. साधे, दहा मिनिटांत होणारे टॉप्स त्यासाठी वेगळे बनवा. कॉलेजच्या मुली त्या ट्रेपाशी थांबतात, आणि त्या थांबल्या की बाकीचेही थांबतात.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी शेजारीपाजारी भाव पाडायला लागतील. तुम्ही पाडू नका. पहिल्या दिवशी पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या ताई त्याच वाटेने पुन्हा फिरत असतात. टेराकोटा नासत नाही, मोती शिळे होत नाहीत. उरलेला माल टॅगसकट डब्यांत भरा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाची प्रदर्शनं जानेवारीत लागतातच.