वाचक विचारतात : क्योटोची तारीख आधी, तिकीट नंतर

या वेळच्या पत्रांत जपानला, त्यातही क्योटोला निघालेल्यांची गर्दी आहे. बहुतेकांचा क्रम एकच दिसतो. आधी स्वस्त तिकीट, मग हॉटेल, मग व्हिसा आणि शेवटी ‘तिथं तेव्हा काय असतं हो?’ हा क्रम उलटा केला तर निम्मी पत्रं लिहावीच लागणार नाहीत.

प्रश्न : मुलीची परीक्षा १० एप्रिलला संपते. आम्हाला साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, पाहायचाय. क्योटोला तोवर सगळं झडून गेलेलं असेल का? (डोंबिवली)

फोटोंत दिसतो तो झडलेला असेल, पण साकुरा संपलेला नसेल. फोटोंतलं ते फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरं झाड म्हणजे ‘सोमेइ योशिनो’ ही जात. जपानचं हवामान खातं प्रत्येक शहरातलं एक नमुना झाड ठरवून त्यावर लक्ष ठेवतं. त्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की ‘काइका’, म्हणजे बहराची सुरुवात जाहीर होते. ऐंशी टक्के उमलली की ‘मानकाइ’, म्हणजे पूर्ण बहर. क्योटोत काइकाची सरासरी तारीख २६ मार्च आहे आणि मानकाइची ४ एप्रिल. त्यानंतर साधारण आठवडाभर बहर टिकतो. मध्ये जोराचा पाऊस झाला तर तेवढाही नाही. २०२१मध्ये तर २६ मार्चलाच मानकाइ झाला होता. क्योटोत या बहराच्या नोंदी बाराशे वर्षं मागे जातात आणि त्यांत इतकी लवकरची तारीख आधी कधीच नव्हती. म्हणून ‘नेमकी तारीख सांगा’ हा हट्ट सोडा आणि पाच रात्री धरा.

तुम्ही ११ ते १६ एप्रिल धरा आणि उशिरा फुलणाऱ्या जातींच्या मागे जा. निन्ना-जी मंदिरातली ‘ओमुरो’ साकुरा साधारण एप्रिलच्या मध्याला फुलते. ही झाडं ठेंगणी, फांद्या जमिनीपासूनच फुटलेल्या. त्यामुळे फुलं बघायला मान वर करावी लागत नाही, ती नाकासमोरच येतात. त्याच भागात टेकडीवर हारादानी-एन ही खासगी बाग आहे. तिथलं प्रवेशशुल्क बहर किती आहे त्यावर कमी-जास्त होतं. निजो किल्ल्याच्या आवारातही उशिराच्या बऱ्याच जाती आहेत. ‘फिलॉसॉफर्स पाथ’ या पायवाटेकडेच्या कालव्यावर तोवर पाकळ्यांची साय धरलेली असते. आमच्या मते ती पूर्ण बहरापेक्षा कमी देखणी नाही आणि गर्दीही बरीच ओसरलेली असते.

हवामान खात्याने २०१०पासून बहराचे अंदाज देणं बंद केलं आहे. आता खासगी हवामान कंपन्या जानेवारीपासून अंदाज देतात आणि ते सुधारत राहतात. तोवर हॉटेल फुकट रद्द करता येईल असंच घ्या. आणि २९ एप्रिलच्या आत परत या. त्या दिवसापासून ५ मेपर्यंत ‘गोल्डन वीक’, म्हणजे लागून आलेल्या सुट्ट्यांचा आठवडा असतो. मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ म्हणणारे आपले लोक नेमके त्यातच सापडतात.

प्रश्न : प्रवासाला पाच महिने आहेत. व्हिसा आत्ताच काढून मोकळं व्हावं का? आणि ई-व्हिसा म्हणजे घरबसल्याच ना? (नाशिक)

दोन्हीचं उत्तर ‘नाही’.

पर्यटनाचा एकवेळ प्रवेशाचा व्हिसा मिळाल्या दिवसापासून तीन महिनेच चालतो. त्या मुदतीत जपानमध्ये उतरायला हवं. पाच महिने आधी काढलात तर विमानात बसायच्या आत तो बाद झालेला असेल. ११ एप्रिलला उतरायचं असेल तर व्हिसा ११ जानेवारीनंतरच मिळालेला हवा. फेब्रुवारीचा मध्य ते मार्चची सुरुवात हा अर्जाचा चांगला काळ. कागदोपत्री पाच कामाचे दिवस लागतात, पण साकुराच्या आधी अर्जांची रीघ लागते, तेव्हा तीन आठवडे हाताशी ठेवा.

१ एप्रिल २०२४पासून भारतीयांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, पण अर्ज व्हिसा केंद्रात कागदांसह द्यावाच लागतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. ‘ई’ आहे तो फक्त शेवटचा भाग. पासपोर्टवर स्टिकर न लागता ‘व्हिसा इश्युअन्स नोटिस’ संकेतस्थळावर उघडते.

घोटाळा इथेच होतो. ही नोटिस विमानतळावर त्या क्षणी, इंटरनेट चालू असताना, मोबाइलच्या पडद्यावर उघडून दाखवावी लागते. स्क्रीनशॉट, पीडीएफ, छापील प्रत यांतलं काहीही चालत नाही. मुंबईच्या चेक-इन काउंटरला तुमचं नेटवर्क असतंच. जपानला उतरल्यावर मात्र रोमिंग नाही, ई-सिम सुरू झालेलं नाही आणि विमानतळाचं वायफाय जोडायला गडबड, अशी त्रेधा उडते. रोमिंग किंवा ई-सिम निघण्याआधीच घेऊन ठेवा, बॅटरी शिल्लक ठेवा. घरातल्या प्रत्येकाची नोटिस वेगळी असते, तान्ह्या मुलाचीसुद्धा. ती उघडायला लागणारे क्रमांक एका कागदावर लिहून पासपोर्टात ठेवा. हा व्हिसा विमानाने येणाऱ्यांसाठीच आहे. क्रूझने जाणाऱ्यांना तो चालत नाही.

कागदांत अर्ज, फोटो, विमानाचं आरक्षण, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरी असेल तर कार्यालयाचं पत्र, जाण्याचा हेतू सांगणारं स्वतःचं पत्र आणि दिवसवार कार्यक्रम एवढं लागतं. अर्ज अडतात ते बहुधा या शेवटच्या कागदापाशी. कार्यक्रमात चार रात्री क्योटो आणि हॉटेलचं आरक्षण तीन रात्रींचं, अशी तफावत लगेच दिसते. खात्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम जमा झाली तर ती कुठून आली ते पत्रात लिहून टाका. अर्ज नाकारला तर कारण सांगत नाहीत आणि त्याच हेतूसाठी सहा महिने पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणून घाईने अर्धवट अर्ज टाकण्यापेक्षा आठवडा उशीर परवडला.

निघण्यापूर्वी ‘व्हिजिट जपान वेब’ या संकेतस्थळावर प्रवाशाची आणि कस्टमची माहिती भरली तर क्यूआर कोड मिळतो. न भरल्यास कागदी फॉर्म असतात, पण रांगेत उभ्याने लिहावं लागतं. सोळा वर्षांवरच्या परदेशी प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातात. आणि जपानमध्ये असेपर्यंत मूळ पासपोर्ट जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरू नका.

प्रश्न : मुलगा अमेरिकी नागरिक आहे, ओसीआय कार्डही आहे. आम्ही दोघं पुण्यात. सगळे ओसाकाला भेटून पुढे क्योटोला जाणार. कुणाला व्हिसा लागेल? (पुणे)

तुम्हा दोघांना लागेल, त्याला नाही. अमेरिकी पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंत पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही आणि ओसीआयचा इथे काही संबंध नाही. तो भारतीय पासपोर्ट ठेवून ग्रीन कार्डावर राहत असता तर त्यालाही लागला असता आणि अर्ज अमेरिकेतूनच करावा लागला असता. दुबई-सिंगापूरला नोकरी करणाऱ्यांनाही हेच लागू. अर्ज राहत्या देशातून, तिथल्या निवासाच्या परवान्यासह करायचा.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. दोन महिन्यांच्या गोळ्या, इन्सुलिन पेन, सर्दी-खोकल्याची औषधं नेता येतील ना? मे महिन्यात एका स्नेह्यांसाठी हापूसही न्यायचा आहे. (रत्नागिरी)

डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती विनापरवाना नेता येतात, दुकानात सहज मिळणारी दोन महिन्यांपुरती. इन्सुलिन पेनलाही महिन्याचीच मर्यादा आहे. त्याहून जास्त न्यायचं तर आधी ऑनलाइन अर्ज करून ‘युन्यु काकुनिन-शो’ हे आयात-पुष्टीपत्र घ्यावं लागतं. मुक्काम दहा दिवसांचा असेल तर पंधरा दिवसांच्या गोळ्या न्या आणि हा विषय संपवा. मूळ पाकिटात ठेवा आणि औषधांची मूळ नावं लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी सोबत असू द्या.

खरा धोका सर्दीच्या गोळीत आहे. स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानमध्ये उत्तेजक पदार्थांच्या कायद्यात येतं आणि नुसत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नेता येत नाही. टक्केवारी गोळीच्या एकूण वजनाच्या हिशेबाने धरली जाते, त्यामुळे आपल्याकडे साध्या वाटणाऱ्या गोळ्याही त्यात बसू शकतात. पाकिटावर हे नाव दिसलं की ती गोळी घरीच राहू द्या. कोडीनच्या खोकल्याच्या बाटलीचंही तसंच करा.

हापूसचं म्हणाल तर जपानने २००६मध्ये भारतीय आंब्यावरची बंदी उठवली, पण ती बाष्पप्रक्रिया करून, तपासणीच्या कागदांसह गेलेल्या ठरावीक जातींसाठी. हापूस त्यात आहे, तुमच्या बॅगेतली पेटी नाही. ताजी फळं, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, इतकंच काय कच्चे तांदूळ आणि अख्खी कडधान्यंसुद्धा वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय अडवली जातात. मांस असलेला कुठलाही पदार्थ नको, पाकीटबंद असला तरी.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मेपलची लाल पानं दिसतील का? (कोल्हापूर)

क्योटो शहरात पानं नोव्हेंबरच्या मध्यापासून रंगायला लागतात आणि ऐन रंग महिनाअखेरीस ते डिसेंबरच्या सुरुवातीस येतो. दिवाळी ऑक्टोबरात असेल त्या वर्षी शहर हिरवंच सापडेल. नोव्हेंबरात असेल तर सुट्टीचा शेवटचा आठवडा धरा आणि उंचावर जा. शहराच्या वायव्येला ताकाओ भाग आठवडा-दोन आठवडे आधी रंगतो. क्योटो स्टेशनवरून जेआर (जपान रेल्वे) बसने साधारण पन्नास मिनिटं. तिथल्या जिंगो-जी मंदिराला मात्र जवळजवळ चारशे दगडी पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर ओहारा हे खेडं बरं.

महिनाअखेरीस जाणार असाल तर तोफुकु-जी मंदिर सकाळी दार उघडायच्या आधी गाठा. क्योटो स्टेशनपासून जेआर नारा मार्गावर एकच स्थानक. तिथल्या लाकडी त्सुतेन पुलावरून खाली मेपलची दरी दिसते. हंगामात पुलावर थांबून फोटो काढायला बंदी असते, कारण एक जण थांबला की मागची अख्खी रांग तुंबते.

प्रश्न : जुलैत गिऑन उत्सवासाठी जावं का? (ठाणे)

उन्हाची तयारी असेल तर जरूर जा. क्योटो तीन बाजूंनी डोंगरांत बसलेलं आहे, वारा अडतो. जुलै-ऑगस्टची दमट काहिली मुंबईकराला ओळखीची वाटेल, पण समुद्राच्या वाऱ्याची सोय तिथे नाही. पावसाळाही साधारण १९ जुलैपर्यंत रेंगाळतो.

मोठी मिरवणूक १७ जुलैला २३ रथांची, दुसरी २४ जुलैला ११ रथांची. पहिल्या दिवशी सकाळी नऊला शिजो-कारासुमाहून निघते. जागा धरायची तर शिजो-कावारामाचीच्या चौकात धरा. दहा-बारा टनांच्या मोठ्या रथांना वळणारी चाकंच नसतात. चौकात फाडलेल्या बांबूच्या पट्ट्या अंथरतात, त्यावर पाणी ओततात, चाकं त्यांवर चढवतात आणि वरची माणसं पंखे हलवून इशारा देताच दोरखंड बाजूला ओढले जातात. रथ करकरत घसरतो, थोडा फिरतो, थांबतो. पुन्हा बांबू, पुन्हा पाणी. दोन-तीन हिसक्यांत काटकोन पुरा होतो. आपल्याकडे जत्रेतला रथ वळवणाऱ्यांनी तर हे बघायलाच हवं. गर्दी सोसत नसेल तर २४ तारीख निवडा.

प्रश्न : क्योटोत हॉटेलवर वेगळा कर लागतो म्हणे. बसचा दिवसाचा पास अजून मिळतो का? (सोलापूर)

१ मार्च २०२६पासून कर वाढला आहे. तो माणशी, रात्रीमागे असतो : ६,००० येनच्या खाली २००, २०,०००च्या खाली ४००, ५०,०००च्या खाली १,०००, एक लाखाच्या खाली ४,००० आणि त्यावर १०,००० येन. दोघांची खोली २४,००० येनची असेल तर माणशी १२,००० झाले, म्हणजे प्रत्येकी ४०० येन. चार रात्रींचे दोघांचे ३,२००.

फक्त बसचा ७०० येनचा पास बंद झाला. भुयारी रेल्वे आणि बस मिळून १,१०० येनचा आहे. शहर बसचं एकेरी भाडं २३० येन, म्हणजे दिवसात पाच फेऱ्या झाल्या तरच तो वसूल. मोठ्या बॅगा घेऊन बसमध्ये चढू नका. टोकियोहून शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) येताना बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर सामानाच्या जागेसह आसन आधी आरक्षित करावं लागतं, नाहीतर १,००० येन भरावे लागतात. गिऑन या जुन्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत शिरून फोटो काढू नका, तिथे १०,००० येन दंडाचे फलक लावले आहेत.

प्रश्न : बर्फातलं सोनेरी मंदिर पाहायचं तर जानेवारीत जाऊ का? (नागपूर)

जा, पण भरवसा धरू नका. जानेवारीत दिवसा नऊ-दहा अंश आणि रात्री एक-दोन अंश असतं. बर्फ साचतो तो हिवाळ्यात मोजक्याच सकाळी. ३ जानेवारीपर्यंत नववर्षाची गर्दी आणि बंद दुकानं, म्हणून त्यानंतरचे दिवस घ्या. हॉटेल स्वस्त आणि रांगा लहान असतात. मंदिरांत बूट काढून थंडगार लाकडी फरशीवर चालावं लागतं, तेव्हा जाड लोकरी मोज्यांचे दोन जोड हवेतच. रात्री बर्फ पडला असेल तर इतर सगळा बेत बाजूला ठेवा. किन्काकु-जीचं, म्हणजे सोनेरी मंदिराचं, दार नऊला उघडतं, तुम्ही साडेआठला रांगेत असा. ऊन आलं तर दुपारपर्यंत छपरावरून नुसतं पाणी ठिबकत असतं.